ऑफिस गाळा, रीट की डीएलएफ-फिनिक्सचे शेअर? बाबांच्या पैशांसाठी सल्ला हवाय

वारणाकाठचा

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आता अडलंय म्हणून धागा काढतोय.

बाबांचं सांगलीत मारुती रोडला दुकान होतं, ते नुकतंच विकलं. टॅक्स वगैरे जाऊन साधारण ६५ लाख हातात राहतील असा अंदाज आहे. राहतं घर स्वतःचं, कर्ज नाही, मेडिक्लेम आहे. त्यांना महिन्याला काहीतरी हातात येत राहावं एवढीच अपेक्षा आहे आणि माझ्याकडून घ्यायचे नाहीत हे त्यांनी आधीच सुनावलंय. अडचण अशी की उभं आयुष्य बाजारपेठेत गेल्यामुळे "जागेचं भाडं" सोडून दुसऱ्या कशावर त्यांचा विश्वासच नाही. एफडी म्हटलं की व्याजदर खाली चाललेत, म्युच्युअल फंड म्हटलं की "तो तुझा तू कर".

आता इथे पुण्यात एका ब्रोकरने बाणेरला ऑफिस दाखवलंय. तयार बिल्डिंग, ६२ लाख, आत भाडेकरू बसलेला आहे, ४२ हजार भाडं येतंय, म्हणजे ८ टक्क्यांच्या वर. बाबा एकदम खूश, पुढच्या आठवड्यात टोकन द्यायचं म्हणतायत.

दुसरीकडे ऑफिसमधला एक मित्र म्हणतो की अख्खं ऑफिस कशाला घेता, कमर्शियल प्रॉपर्टीवाल्या कंपन्यांचे शेअर घ्या, डीएलएफ, फिनिक्स मिल्स, नाहीतर रीट (म्हणजे भाड्याच्या इमारती धरणारा ट्रस्ट, ज्याचे युनिट शेअरबाजारात मिळतात). आणि गंमत म्हणजे आमची कंपनी खराडीत ज्या पार्कात आहे तो पार्कच एका रीटचा आहे हे मला त्याच्याकडूनच कळलं, म्हणजे आमच्याच कंपनीचं भाडं बाबांना मिळू शकतं तर!

तर माझे प्रश्न: हे शेअर आणि रीट एकच का वेगळं? भाडं खरंच पोचतं का आपल्यापर्यंत? आणि ६५ वर्षांच्या माणसाने यात पडावं का? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

एफडीच_बरी

बाबांना दुकान विकायला कोणी सांगितलं होतं? मारुती रोडचं दुकान विकून बाणेरला ऑफिस म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी. असो, झालं ते झालं. टोकन देऊ नका एवढंच सांगतो, बाकी इथले हुशार लोक येतीलच.

---

भाडेपट्टा

दादा, आधी टोकन थांबवा, मग वाचा. मी पुण्यातच कमर्शियल लीजिंगमध्ये काम करतो (कंपनी मोठी नाही, नाव सांगण्यात अर्थ नाही) त्यामुळे हे "भाडेकरूसकट ऑफिस" प्रकरण रोज बघतो.

पहिलं म्हणजे ब्रोकरकडून रजिस्टर्ड लीव्ह अँड लायसन्सची कॉपी मागा. तोंडी सांगितलेलं भाडं नको, व्हॉट्सॲपवरचा एक पानी पीडीएफ पण नको, रजिस्टर्ड कॉपी. त्यात तीन गोष्टी शोधा. लॉक-इन किती शिल्लक आहे. समजा पाच वर्षांचा करार आहे आणि लॉक-इन तीन वर्षांचं, त्यातली अडीच वर्षं उलटलेली असतील तर तुम्हाला ८ टक्के नाही, सहा महिन्यांचं भाडं विकतायत, कारण लॉक-इन संपलं की भाडेकरू नोटीस देऊन केव्हाही निघू शकतो. मालक बरेचदा नेमका तेव्हाच विकायला काढतो जेव्हा त्याला माणूस जाणार असल्याची कुणकुण लागते. दुसरं, भाडेकरू कोण आहे. कंपनी खरी आहे का बिल्डरच्याच ओळखीतली. काही ठिकाणी भाडं बिल्डर स्वतःच खिशातून भरत असतो दोन-तीन वर्षं, आणि ते त्याने तुमच्या ६२ लाखात आधीच धरलेलं असतं. तिसरं, मेंटेनन्स आणि प्रॉपर्टी टॅक्स कोणाच्या डोक्यावर. महापालिकेचा बिगरनिवासी टॅक्स घराच्या टॅक्सपेक्षा कितीतरी जास्त असतो, एकदा बिल बघाच.

आता हिशोब करू. ६२ लाखावर पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी म्हणजे ४ लाख ३४ हजार, रजिस्ट्रेशनचे ३० हजार, वर ब्रोकर. म्हणजे खिशातून जाणार ६७-६८ लाख, तुमच्याकडे आहेत ६५! भाडं वर्षाचं ५ लाख ४ हजार. त्यातून टॅक्स, थोडीफार दुरुस्ती आणि दर भाडेकरू बदलताना चार-सहा महिने रिकामी जागा आणि नव्या भाडेकरूचा ब्रोकरेज धरला तर माझ्या अंदाजाने हातात वर्षाला सरासरी ४ लाख राहिले तरी खूप. म्हणजे ६ टक्के. ब्रोकरच्या ८ आणि या ६ मधला फरक कोणी कागदावर लिहून देत नाही. आणि सगळी पुंजी एका दारामागे, एका भाडेकरूवर.

म्हणून ऑफिस घेऊच नका असं माझं म्हणणं नाही, ज्याच्याकडे पाच-सात कोटी आहेत त्याने एखादं जरूर घ्यावं. ६५ लाखातले ६५ लाख एका गाळ्यात नको.

आता तुमचा मूळ प्रश्न. "कमर्शियल प्रॉपर्टीचे शेअर" म्हणून मित्राने जे सांगितलं त्यात तीन वेगळे धंदे एकत्र केलेत.

डीएलएफ घ्या. तिची भाड्याची मिळकत खरोखर मोठी आहे, गुडगावची सायबर सिटी वगैरे, पण ती बहुतेक डीसीसीडीएल नावाच्या वेगळ्या कंपनीत आहे आणि त्यात सिंगापूरच्या जीआयसीचा (तिथल्या सरकारचा गुंतवणूक फंड) जवळपास ३३ टक्के वाटा आहे, २०१७ ला घेतला त्यांनी. डीएलएफचा शेअर वरखाली होतो तो मात्र महागडे फ्लॅट किती विकले गेले यावर. २०२५ मध्ये अंधेरीत प्रोजेक्ट काढला तोही विकायच्या फ्लॅटचाच. त्या भाड्यातलं तुमच्या बाबांच्या खात्यात किती येतं तर वर्षाला डिव्हिडंडचे अगदी थोडे रुपये. निफ्टी रिअल्टी इंडेक्स उघडून बघा, लोढा, गोदरेज, प्रेस्टिज, सगळा भरणा फ्लॅट विकणाऱ्यांचा आहे. यांचा पी/ई (भाव नफ्याच्या किती पट आहे तो आकडा) बघून पण काही कळत नाही कारण फ्लॅटचा ताबा दिला की मगच विक्री हिशोबात येते, एखाद्या तिमाहीत एकदम नफा दिसतो आणि पुढच्या दोन तिमाह्या कोरड्या. तिथे बुकिंग आणि कलेक्शन बघायचं असतं.

दुसरा प्रकार फिनिक्स मिल्ससारखा, जिथे मुख्य उत्पन्नच मॉलच्या भाड्यातून आहे. पण ते पैसे वाटत नाहीत, पुढचा मॉल बांधतात. वाकडचा मॉल ऑफ द मिलेनियम २०२३ ला उघडला तो अशाच पैशातून आणि भागीदाराच्या पैशातून. शेअर वाढला तर फायदा, महिन्याच्या खर्चाला उपयोग नाही.

तिसरा रीट. यात सेबीचा (शेअरबाजारावर देखरेख करणारी संस्था) नियमच असा आहे की वाटण्याजोग्या रोकडीपैकी किमान ९० टक्के युनिटधारकांना वाटायलाच पाहिजे, आणि किमान ८० टक्के पैसा तयार, भाडं देणाऱ्या इमारतीतच पाहिजे. बिल्डरसारखं मोकळ्या जमिनीवर जुगार खेळता येत नाही. कर्जाला मालमत्तेच्या ४९ टक्क्यांची मर्यादा. भाडं तुमच्यापर्यंत पोचतं का, तर हो, बहुतेक जण दर तीन महिन्यांनी वाटतात. आधी लाखभर रुपयांचा लॉट घ्यावा लागायचा, २०२१ पासून एक युनिटसुद्धा घेता येतं, शेअरसारखंच डीमॅटमध्ये.

बाबांना समजवायचं तर सांगा की एका दुकानाऐवजी अख्ख्या पेठेचं भाडं वर्गणीने गोळा करतोय, आणि मुनीम पगारी ठेवलाय.

---

वारणाकाठचा

@भाडेपट्टा काका (का दादा?) खूप खूप धन्यवाद, एवढं कोणी फुकट सांगत नाही. आत्ताच ब्रोकरला रजिस्टर्ड कॉपी मागितली, तो म्हणाला "सर विश्वास नाही का", अजून कॉपी आलेली नाही 😀

रीट कोणकोणते आहेत आणि भाव पडत नाहीत का यांचे? बाबा पहिलं हेच विचारतील.

---

गिरणगाव_ते_दलाल_स्ट्रीट

भाडेपट्टा यांच्याशी बरंच सहमत पण फिनिक्सला एका परिच्छेदात उडवलंत ते पटलं नाही. आमचे आजोबा गिरणीत होते, लोअर परळला. फिनिक्स १९०५ सालची कापड गिरणी, आज त्याच जागेवर पॅलेडियम उभा आहे, गिरणी कामगारांचं काय झालं हा वेगळा विषय आहे आणि त्यावर इथे धागे होऊन गेलेत. शेअरहोल्डर म्हणून बघायचं तर जागा कंपनीकडे कवडीमोलाने आधीच होती, त्यावर मॉल उभा राहिला, त्या भाड्याच्या जोरावर पुणे, बेंगळुरू, चेन्नई, लखनौ. मॉलच्या भाड्यात एक गंमत असते की दुकानदाराला ठरलेलं किमान भाडं द्यावं लागतं आणि विक्री वाढली तर विक्रीवर टक्केवारी. म्हणजे महागाई वाढली, लोकांनी जास्त खरेदी केली की भाडं आपोआप वाढतं, ऑफिसवाल्याला मात्र तीन वर्षांनी १५ टक्के वाढ नाहीतर दरवर्षी साडेचार-पाच टक्के, करारात असेल तेवढीच.

अजून एक नाव कोणी घेत नाही ते निरलॉन. गोरेगावला वेस्टर्न एक्सप्रेस हायवेला लागून आहे. एकेकाळी नायलॉनचं सूत काढणारी कंपनी, आता फक्त आयटी पार्कचं भाडं खाते, भाडेकरू जेपी मॉर्गन, मॉर्गन स्टॅन्ली असले, मोठा मालक तीच सिंगापूरची जीआयसी. रीट नाही, साधी लिस्टेड कंपनी, पण डिव्हिडंड भरभक्कम देते. तोटा असा की एकच कॅम्पस, मोजकेच भाडेकरू आणि शेअरमध्ये उलाढाल फार कमी, विकायला गेलात तर दोन दिवस गिऱ्हाईक शोधावं लागेल.

मी स्वतः फिनिक्स धरून आहे. पण माझं वय ४१ आहे, ६५ नाही. वारणाकाठचा यांनी स्वतःच्या पैशातून घ्यावा, बाबांच्या नाही.

---

भाडेपट्टा

@गिरणगाव, टक्केवारीचा मुद्दा बरोबर, मान्य. पण तो उलटाही फिरतो ना, २०२० मध्ये मॉल महिनोन् महिने बंद होते तेव्हा भाडं माफ करावं लागलं, ऑफिसवाल्यांनी मात्र लोक घरी बसलेले असताना सुद्धा भाडं भरलं. त्यामुळे थोडं इकडे थोडं तिकडे ठेवावं.

@वारणाकाठचा दादाच म्हणा, अजून केस आहेत डोक्यावर.

आपल्याकडे २०२५ अखेर मोठे पाच होते. एम्बसी पहिला, एप्रिल २०१९ ला लिस्ट झाला, आयपीओ ३०० रुपयाला, मुख्यतः बेंगळुरू पण नरिमन पॉइंटचं एक्स्प्रेस टॉवर्स आणि आपल्या हिंजवडीतली क्वाड्रॉन, क्युबिक्स ही पण त्यांचीच. माइंडस्पेस २०२० चा, के. रहेजा ग्रुपचा, ऐरोली, हैदराबादचं माधापूर, पुण्यात येरवडा आणि खराडी. (तुमचा पार्क बहुतेक हाच.) ब्रुकफिल्ड २०२१, पवई, गुडगाव, नोएडा, कोलकाता. नेक्सस २०२३, हा मॉलचा, सीवूड्स स्टेशनवरचा मॉल आणि औंधचा वेस्टएंड माहीत असेल. आणि नॉलेज रिअल्टी ऑगस्ट २०२५ चा, बीकेसीतलं वन बीकेसी त्यात आहे.

भाव पडतात का? पडतात की. एम्बसीचा ३०० चा कागद चारशेच्या वर जाऊन २०२३ ला परत ३०० च्या आसपास आला होता. त्याला दोन कारणं, एक म्हणजे व्याजदर चढे होते, सरकारी रोख्यावर सव्वासात टक्के मिळत असताना रीटच्या सहा-सातला कोण विचारतो. दुसरं, ब्लॅकस्टोन ही अमेरिकन गुंतवणूक कंपनी, एम्बसीतली मोठी भागीदार, हळूहळू माल विकत होती, डिसेंबर २०२३ मध्ये उरलेला सगळा हिस्सा विकून ती बाहेर पडली. एवढा माल डोक्यावर लटकत असेल तर भाव वर जात नाही. पण या सगळ्या काळात वाटप मात्र वर्षाला २१ ते २४ रुपयांच्या आसपास चालूच होतं, म्हणजे ज्याने ३०० ला घेऊन टीव्ही बंद केला त्याला ७ टक्के मिळत राहिले. मग रेपो दर (रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने उधार देते तो) २०२५ च्या फेब्रुवारीपासून कमी व्हायला लागला, ६.५० वरून डिसेंबरला ५.२५, आणि रीटचे भाव वर आले. व्याजदर चढले की यांचा भाव उतरतो आणि उलट, एवढं बाबांच्या डोक्यात बसलं की निम्मं काम झालं.

पण वाटप कमी होतच नाही असंही नाही हां. ब्रुकफिल्डचं २०२१-२२ ला २२ रुपयांच्या वर होतं ते २०२३-२४ ला १८ च्या खाली गेलं. त्यांच्याकडे सेझमधल्या (विशेष आर्थिक क्षेत्रातल्या) जागा जास्त, आणि सेझमध्ये नव्याने येणाऱ्या कंपन्यांची आयकर सवलत २०२० मध्येच संपली, मग तिथे नवीन भाडेकरू कशाला येतील, मजले रिकामे पडले. डिसेंबर २०२३ ला सरकारने मजल्यामजल्याने सेझमधून बाहेर पडायची मुभा दिली तेव्हापासून त्या जागा भरायला लागल्या. भर म्हणजे पवईची मालमत्ता घेताना त्यांनी नवीन युनिट काढले. मालमत्ता वाढली, वाटेकरी पण वाढले.

म्हणून नुसता टक्का बघून उडी मारायची नाही. तिमाही प्रेझेंटेशनमध्ये किती जागा भरलेली आहे, कर्ज किती टक्के आणि पुढच्या दोन वर्षांत किती करार संपतायत हे तीन आकडे बघा, दहा मिनिटांचं काम आहे, सगळं त्यांच्या वेबसाइटवर असतं.

---

जर्सीकर

इथून (न्यू जर्सी) दोन पैसे. "ऑफिसचं भाडं म्हणजे पक्कं" असं मॅनहॅटनमध्ये पण लोक पिढ्यान् पिढ्या म्हणत होते. अमेरिकेत रीटचा कायदा १९६० चा आहे, म्हणजे लोकांना चांगला अनुभव होता. वोर्नेडो नावाची कंपनी, पेन स्टेशनच्या आजूबाजूला अर्ध्या इमारती हिच्याच म्हणा ना, २०२० च्या सुरुवातीला शेअर ६५ डॉलरच्या आसपास, कोविड झाला, लोक घरून काम करायला लागले ते परत पूर्ण आलेच नाहीत, त्यात फेडने (इकडची रिझर्व्ह बँक) वर्ष-दीड वर्षात व्याजदर शून्याच्या जवळून पाचच्या वर नेले. २०२३ च्या वसंतात तोच शेअर १५ च्या खाली आणि वर्षाच्या उरलेल्या तिमाह्यांचा डिव्हिडंड पुढे ढकलला. ज्या रिटायर लोकांनी त्यावर घरखर्च बसवला होता त्यांचं काय झालं असेल? आमच्या शेजारचे एक आजोबा होते त्यातले.

भारताचं वेगळं आहे हे मान्य, तिकडे जगभरच्या कंपन्या स्वतःची ऑफिसं उघडतायत, इमारती नव्या आहेत, कर्ज कमी आहे. पण सगळे पैसे नको. आणि आता एआय आलंय, टीसीएसने २०२५ मध्ये दोन टक्के माणसं कमी करायचं जाहीर केलं, ती माणसं बसायची ती टेबलं कोणीतरी भाड्यानेच घेतलेली असतात ना कुठेतरी.

---

भाडेपट्टा

@जर्सीकर मुद्दा महत्त्वाचा आहे. एवढंच की रीटच्या पार्कांमध्ये आता आयटी सर्व्हिसवाले पूर्वीइतके राहिले नाहीत, त्यांची जागा बँका, औषध कंपन्या, इंजिनिअरिंगवाले यांच्या जीसीसी (परदेशी कंपन्यांची इथली स्वतःची ऑफिसं) घेतायत, जे जास्त भाडं देतात आणि फिट-आउटवर (आतल्या बांधणी-फर्निचरवर) स्वतःचे पैसे घालतात त्यामुळे सहज हलत नाहीत. स्वतःचे पाचशे टेबल, सर्व्हर रूम, कॅन्टीन उभारलेला माणूस लॉक-इन संपलं म्हणून उठून जात नाही. बाणेरच्या हजार फुटातला मात्र एका टेम्पोत सामान भरून जातो. दहा वर्षांनी काय होईल ते कोणालाच ठाऊक नाही, म्हणून म्हटलं मॉलचा एक ठेवा सोबत.

---

सीए_मावशी

सगळे पैसे कुठे टाकायचे ते सांगतायत, टॅक्सचं कोणी बोललंच नाही.

बाळा, दुकान विकल्याची तारीख काय? विकल्यापासून सहा महिन्यांच्या आत ५४ईसी बाँड (आरईसी, पीएफसी वगैरे) घेतले तर ५० लाखांपर्यंतचा कॅपिटल गेन वाचतो. पाच वर्षं अडकतात आणि व्याज सव्वापाच टक्के, पण गेनवरचा टॅक्स वाचतो तो धरला तर हिशोब करून बघण्यासारखा असतो. ऑफिस घेऊन हा टॅक्स वाचत नाही, रीट घेऊन तर नाहीच नाही. राहतं घर घेतलं तर वाचू शकतो, पण तुम्हाला घर नकोय. ब्रोकरने "प्रॉपर्टीत टाका टॅक्स लागणार नाही" असं सांगितलं असेल तर ते घराबद्दल आहे, गाळ्याबद्दल नाही, हा घोळ माझ्याकडे येणारे निम्मे लोक करतात.

आणि बाबा त्या दुकानात स्वतः धंदा करायचे ना, मग दुकानाच्या इमारतीवर घसारा घ्यायचे का ते जुन्या रिटर्नमध्ये बघ. घेतला असेल तर गेनचा हिशोबच वेगळा होतो, "टॅक्स जाऊन ६५" हा आकडा बदलेल. हे आधी कर, बाकी सगळं नंतर.

आता रीटचं. तिमाहीला जे पैसे येतात ते एकाच प्रकारचे नसतात. व्याज असतं ते उत्पन्नात धरायचं. डिव्हिडंड असतो तो खालच्या कंपनीने (इमारत जिच्या नावावर असते ती) कमी दराचा टॅक्स निवडला नसेल तर युनिटधारकाला माफ (माइंडस्पेसचं सुरुवातीची वर्षं बहुतांश वाटप असंच होतं म्हणून लोक त्यावर खूश होते). आणि एक भाग रीटने त्या खालच्या कंपनीला दिलेल्या कर्जाच्या परतफेडीचा असतो, एम्बसीत हा बराच असतो, तो आत्ता करपात्र नाही पण तेवढी तुमची खरेदी किंमत कमी धरायची. समजा ३५० ला घेतलं आणि काही वर्षांत असे ४० रुपये आले तर विकताना खरेदी ३१० धरून नफा काढायचा. थोडक्यात त्यातला एक तुकडा तुमचाच पैसा तुम्हाला परत येतोय, तो भाडं म्हणून मोजू नका. दरवेळी वाटपाबरोबर फोड येते, तो मेल डिलीट करू नकोस, रिटर्न भरताना मी तोच मागते.

विकताना, बारा महिन्यांच्या वर ठेवलं तर सव्वा लाखावरच्या नफ्यावर साडेबारा टक्के, त्याआधी २० टक्के. जुलै २०२४ च्या आधी यासाठी तीन वर्षं थांबावं लागायचं.

बाबांना दुसरं फारसं उत्पन्न नसेल तर या फोडीचं डोकं फार खाऊ नका. नव्या टॅक्स रिजीममध्ये १२ लाखांपर्यंत त्यांना टॅक्सच येणार नाही, १० टक्के टीडीएस कापला जाईल तो रिटर्न भरून परत मिळतो. दुकान विकलं त्या वर्षाचं मात्र वेगळं, तेव्हा तो गेन पण एकूण उत्पन्नात धरला जातो. तीस टक्क्यांच्या स्लॅबमधल्या मुलाच्या नावावर घेऊन मग टॅक्स जास्त म्हणून रडणारे बघितलेत, तसं करू नका, बाबांचे पैसे बाबांच्याच नावावर ठेवा.

---

एफडीच_बरी

मावशी, सीनियर सिटिझन स्कीम विसरलात. ३० लाखांपर्यंत पोस्टात, आठ टक्क्यांच्या वर व्याज, सरकारची हमी, तिमाहीला पैसे. ब्लॅकस्टोन आलं आणि गेलं, काही फरक नाही. आई ६० च्या वर असेल तर तिचं वेगळं खातं. एवढं असताना शेअरबाजारात कशाला तोंड घालायचं मला कळत नाही.

---

सीए_मावशी

@एफडीच_बरी विसरले नाही, तुम्ही येणार हे माहीत होतं. बरोबर आहे, ती आधी. फक्त त्यात व्याज पाच वर्षं तेवढंच राहतं, भाडं थोडं तरी वाढतं. म्हणून दोन्ही.

---

नवखा_नाशिककर

धाग्याची खूण साठवली. एक प्रश्न, ते छोटे रीट निघालेत ना, एकाच बिल्डिंगचे, १० लाखवाले, त्यात ९ टक्के म्हणतात, ते कसे आहेत?

---

भाडेपट्टा

एसएम (स्मॉल अँड मीडियम) रीट. ५० ते ५०० कोटींच्या मालमत्तेसाठी सेबीने २०२४ मध्ये नियम आणले, पहिला डिसेंबर २०२४ मध्ये लिस्ट झाला, बेंगळुरूतल्या एका इमारतीचा. पूर्वी ॲपवर तुकड्या तुकड्याने ऑफिस विकायचे त्यापेक्षा हे नक्कीच बरं, निदान सेबीचं लक्ष आहे. पण एका इमारतीचा धोका तोच राहतो आणि १० लाखांचा कागद विकायचा तर समोर १० लाखवालाच पाहिजे. मी अजून लांबून बघतोय.

---

वारणाकाठचा

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

ब्रोकरची कॉपी शेवटी आली. लॉक-इन चार महिन्यांत संपतंय! बाबांना फोनवर वाचून दाखवलं, ते दोन मिनिटं काही बोलले नाहीत, मग म्हणाले "दुकान मी चालवलंय, मला शिकवू नको, नको घेऊया". विषय संपला.

घसाऱ्याचं विचारलं तर म्हणे "ते आपले जोशी सीए बघायचे", आता त्यांच्याकडून जुने रिटर्न मागवतोय. विक्रीला सहा महिने व्हायला अजून वेळ आहे, त्यामुळे ५४ईसी चा आकडा कळला की ते आधी, मग पोस्टाची स्कीम दोघांच्या नावावर बसेल तेवढी, आणि जे उरेल त्यातले दहा-बारा लाख रीटमध्ये, दोन ऑफिसचे एक मॉलचा. फिनिक्स माझ्या एसआयपीच्या पैशातून बघेन, गिरणगाव यांचा सल्ला.

एक शंका राहिली. एकदम घ्यायचे का हळूहळू? आणि वाटप जाहीर झाल्या दिवशी घेतलं तर त्या तिमाहीचं मिळेल ना?

---

भाडेपट्टा

रेकॉर्ड डेटच्या (वाटप कोणाला द्यायचं ते ज्या तारखेला ठरतं) दिवशी डीमॅटमध्ये युनिट असेल तर मिळेल, आणि सेटलमेंट दुसऱ्या दिवशी होतं त्यामुळे किमान एक कामकाजाचा दिवस आधी घ्यायला लागेल. पण त्यासाठी धावू नका, रेकॉर्ड डेटला भाव साधारण तेवढाच खाली येतो, एका हाताने मिळतं दुसऱ्या हाताने जातं. सहा-आठ महिन्यांत तुकड्या तुकड्याने घ्या. मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला) टाकू नका, लिमिट (आपण ठरवलेल्या भावाला) टाका, काही रीटमध्ये दुपारी उलाढाल इतकी कमी असते की दोन-तीन रुपयांचा फटका सहज बसतो. आणि बाबांचं बँक खातं डीमॅटला नीट जोडलेलं आहे का बघा, आयएफएससी कोड जुना असेल तर वाटप परत जातं, बँकांच्या विलीनीकरणानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या बऱ्याच लोकांचं हे राहिलेलं आहे.